जमिनीची वाढ कोणाच्या खिशात? लेचवर्थचा धडा

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील दहा-बारा व्यापाऱ्यांनी मिळून गावाबाहेरचे शेत घेतले, बिनशेती केले, प्लॉट पाडले आणि दोन वर्षांत विकून मोकळे झाले. त्यात आम्हीही भागीदार होतो. मुनाफा बरा झाला. आज त्या वसाहतीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो. गटार नाही, शाळेला जागा नाही. प्लॉटचे भाव मात्र कितीतरी पट वाढले. ही वाढ तेथे राहायला गेलेल्या माणसांमुळे झाली. मिळाली मात्र प्लॉट अडवून बसलेल्यांना.

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली एका पुस्तकात मांडला. हॉवर्ड बिल्डर नव्हते की इंजिनिअर नव्हते. लघुलेखनावर त्यांचे घर चाले. त्यांचा हिशेब साधा होता. शहरापासून दूर, शेतीच्या भावाने ६,००० एकर जमीन घ्यावी. १,००० एकरांवर ३०,००० लोकांचे शहर बसवावे, भोवती ५,००० एकर शेती राखावी. जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची. वस्ती वाढेल तसे भाडे वाढेल. त्यातून व्याज आणि मुद्दल फिटले की उरलेला पैसा शहराच्याच कामी लागेल. अशा शहराला त्यांनी उद्याननगरी म्हटले.

१९०३ साली यासाठी कंपनी निघाली. लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथे ३,८१८ एकर जमीन सुमारे दीड लाख पौंडांत घेतली गेली; म्हणजे एकरी ४० पौंडांच्या आसपास. रेमंड अन्विन व बॅरी पार्कर यांनी आराखडा केला. भागधारकांना ५ टक्क्यांहून अधिक लाभांश द्यायचा नाही, असे ठरले.

व्यापारी माणसाने यातून तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली, सबुरी. रस्ते, पाणी, गटारे यांचा खर्च आधी करावा लागतो, भाडे मागाहून येते. भांडवल सावकाश जमले आणि पहिली सुमारे दहा वर्षे लाभांश मिळाला नाही. झटपट पैसा हवा असणाऱ्याचे हे काम नव्हे.

दुसरी, रोजगार. नुसत्या घरांनी गाव बसत नाही. लेचवर्थमध्ये छापखाने आले, इंजिनिअरिंगचे कारखाने आले, आणि स्पिरेला कंपनीचा कॉर्सेट शिवण्याचा मोठा कारखाना आला. त्यात पुष्कळ बायकांना काम मिळाले. घराजवळ काम असले की भाडे थकत नाही.

तिसरी आणि मोठी, लिखापढी. ठराविक वर्षांनी भाडे वाढावे, असे हॉवर्ड यांना वाटे. कारखानदारांना ते पटले नाही. शेवटी ९९ वर्षांचे ठराविक भाड्याचे करार झाले. पुढे १९६० च्या सुमारास बाहेरच्या एका कंपनीने शेअर्स घेऊन ताबा मिळविला. गाव जागे झाले. १९६२ साली पार्लमेंटने कायदा करून मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे सोपविली. १९९५ पासून ती एका फाउंडेशनकडे आहे आणि तिचे उत्पन्न आजही गावासाठीच खर्च होते. हॉवर्ड यांच्याच दुसऱ्या शहराचे, १९२० च्या वेल्विनचे, नशीब वेगळे ठरले. ते १९४८ साली सरकारी महामंडळाकडे गेले आणि जमिनीच्या वाढीवरचा गावाचा हक्क सुटला.

एवढी जमीन घेणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, हे खरे. पण दहा एकरांची वसाहत करतानाही रस्त्यालगतचे काही गाळे न विकता राहणाऱ्यांच्या सोसायटीच्या नावे ठेवता येतात. त्यांच्या भाड्यातून गटार आणि दिवाबत्ती चालेल. मात्र ही अट पहिला प्लॉट विकण्याआधीच कागदावर यायला हवी. नंतर कोणी ऐकत नाही.

आम्ही तेव्हा हे केले नाही. पुन्हा भागीदारीचा प्रस्ताव आला, तर मुनाफ्याचा आकडा विचारण्याआधी आम्ही हे विचारू, की वाढ कोणाच्या नावावर लिहिली आहे?