तारीख नाशिकची, घर वाकोल्याचं

अगं, ते कोर्टाचं पाकीट उशीखाली सरकवून तुला झोप लागणार आहे का? काढ बाहेर. नवऱ्याने घटस्फोटाची केस नाशिकच्या फॅमिली कोर्टात टाकली आणि तू इथे सांताक्रूझच्या वाकोल्यात, आईकडे, तीन वर्षांच्या लेकीला घेऊन. रडायचं तर रडून घे, पण समन्स घेऊन गप्प बसू नकोस. तू गेलीच नाहीस तर निकाल एकतर्फी लागतो.

केस इकडे आणता येते. दोन्ही गावं महाराष्ट्रातली, म्हणून अर्ज मुंबई उच्च न्यायालयात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली. नवरा इंदूरला असता तर कलम 25, म्हणजे थेट दिल्ली, सर्वोच्च न्यायालय. इथे गफलत झाली की महिने वाया जातात. उज्जैनची केस मालेगावला आणायचा आदेश एका बाईला आपल्या हायकोर्टातून मिळालाही होता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दुसऱ्या राज्यातल्या कोर्टातली केस ओढून आणायचा अधिकार हायकोर्टाला नाहीच.

कुणीतरी तुला सांगेलच, "तूही वांद्र्याला घटस्फोटाची केस टाक, फिट्टंफाट!" बायकोला ती राहते तिथे केस करता येते, 2003 पासून तशी तरतूद आहे. पण त्याची आधीची आणि तुझी मागाहूनची झाली, की हिंदू विवाह कायद्याच्या कलम 21अ मुळे तुझीच केस नाशिकला जायची! खावटीचं तसं नाही, ती तू राहतेस तिथे मागता येते. वांद्र्याला खावटीची केस चालू असली, तर बदलीच्या अर्जालाही जोर येतो.

आता अर्जाचं. वकिलाला नुसतं "गैरसोय होते" लिहू देऊ नकोस, ते सगळेच लिहितात. तुझा दिवस लिहायला लाव. पहाटे पाचला वाकोल्यातून रिक्षा, दादरहून तपोवन एक्स्प्रेस, झोपाळलेली पोर कडेवर. कोर्टाच्या व्हरांड्यात तासन्‌तास बसायचं आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परतायचं. त्या दिवसाची रजा बिनपगारी. आईचे गुडघे गेलेत, मुलीला तिच्यावर सोडता येत नाही. प्रत्येक गोष्टीला कागद जोड: पगाराची स्लिप, बालवाडीचा दाखला, आईच्या डॉक्टरांची चिठ्ठी. वांद्रे-कुर्ला संकुलातलं फॅमिली कोर्ट तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, हेही लिही. आणि समुपदेशकासमोर स्वतः बसावं लागतं, तिथे वकील पाठवून भागत नाही.

बाई आहे म्हणून अर्ज मंजूर होणारच, या भ्रमात मात्र राहू नकोस. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं, की अशा अर्जांत बायकांना मिळणाऱ्या सवलतीचा गैरफायदा घेतला जातोय आणि प्रत्येक अर्ज गुणावगुणांवरच बघावा लागेल. त्या प्रकरणात नवरा प्रवासखर्च द्यायला तयार होता आणि बायकोचा अर्ज फेटाळला गेला. तुझा नवराही तेच म्हणू शकतो, म्हणून नुसत्या भाड्यावर भर देऊ नकोस. तिकिटाचे पैसे तो देईल, पोरीला कोण सांभाळेल? 2022 च्या निकालात कोर्टाने साधारणपणे बायकोची सोय बघावी असं पुन्हा सांगितलं. पण दोघांची ऐपत, राहणीमान, कोण कुणाच्या आधारावर जगतंय, हेही तपासायला सांगितलं. मला हे रास्त वाटतं. कागद तुझ्या बाजूने आहेत, मग घाबरायचं कशाला?

आणखी एक. अर्ज दाखल केला म्हणून नाशिकची तारीख आपोआप थांबत नाही. त्याच अर्जात स्थगिती माग, आणि ती मिळेपर्यंत तिथे वकील उभा ठेव.

फीची चिंता आहे ना? 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, मिळकतीची अट नाही. हायकोर्टातच विधी सेवा समिती आहे. समन्स, लग्नाचा दाखला आणि आधार कार्ड एका पिशवीत घाल, या आठवड्यातच जाऊन ये. आणि नवऱ्याचा फोन आला तर कोर्टाबद्दल एक अक्षर बोलू नकोस.