सोळा थाऊंचा हिशोब

कोल्हापूर

चि. बाळ्यास,



ताईने तुझा फोटो दाखवला. स्टँडवर शेवरलेचा व्ही-८ ब्लॉक, शेजारी तू, हातात रीमर. ताई म्हणाली, पोरगं वाळलंय. मला तो रीमर दिसला, म्हणून कागद घेऊन बसलो. फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतोस.

मला काम कळलं ते असं. गिऱ्हाइकाची १९३२ ची फोर्ड रोडस्टर, तिच्यात ३५० घनइंचाचं स्मॉल ब्लॉक शेवरले, आणि त्याला ०.८४२ इंचाचे टॅपेट काढून ०.८७५ चे हवेत. कारण विचारलंस का? विचार. बऱ्याच जणांनी कुठंतरी ऐकलेलं असतं की मोठा टॅपेट म्हणजे जास्त ताकद. टॅपेट काही पिस्टन नव्हे. तो मोठा केला म्हणून इंजिनात एक थेंबही जास्त पेट्रोल जळत नाही.

खरी गोष्ट कॅमच्या बाजूला आहे. सपाट तळाचा टॅपेट घे. लोब फिरत त्याला उचलतो तेव्हा टेकण्याची जागा मधोमध राहत नाही, ती कडेकडे सरकते. किती सरकते? उचलण्याचा वेग जितका जास्त तितकी. हिशोब सरळ आहे: टॅपेटच्या त्रिज्येला ५७.३ ने भाग, म्हणजे कॅमच्या एका अंशाला जास्तीत जास्त किती उचल मिळेल ते कळतं. ०.८४२ ला ७.३५ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, येतात, ०.८७५ ला ७.६४ आणि क्रायस्लरच्या ०.९०४ ला ७.८९. प्रत्यक्षात कडेला चॅम्फर असतो, म्हणून याच्याही आतच राहावं लागतं. त्यापलीकडे गेलं की टॅपेटची कड लोबवर टेकते आणि रंधा मारल्यासारखा लोब सोलून काढते.

म्हणजे फायदा चार टक्क्यांच्या आत. झडप जरा वेगाने उघडते, जरा जास्त वेळ जास्त उघडी राहते, तेही कॅम त्या मापासाठी घासून घेतला असेल तरच. जुनाच कॅम ठेवून नुसती भोकं मोठी केलीस, तर गिऱ्हाइकाने पैसे भोकांना दिले असं होईल. शेवरलेने १९५५ साली २६५ घनइंचाचं पहिलं स्मॉल ब्लॉक काढलं, त्याचा टॅपेट ०.८४२ चाच, आणि तेच माप पुढं चालत राहिलं. क्रायस्लरवाल्यांना ०.९०४ कारखान्यातूनच मिळालं, म्हणून कॅम घासणारे त्यांच्यासाठी वेगळे प्रोफाइल ठेवतात. शेवरलेवाल्यांना त्याचा हेवा वाटतो, आणि त्या हेव्यातूनच तुझ्याकडं काम येतं. हेवा अगदीच खोटा नाही म्हणा. नॅसकारच्या वरच्या मालिकेत २०१४ च्या हंगामापर्यंत सपाट टॅपेटच वापरावे लागत, तिथं या चार टक्क्यांसाठी माणसं रात्री जागत. रविवारी आइस्क्रीम खायला निघणाऱ्या रोडस्टरला ते लागतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गिऱ्हाइकाला रोलर टॅपेट हवे असतील तर हा हिशोब लागूच होत नाही. तिथं मोठं अंग घ्यायचं ते मोठं चाक आणि जाड पिन बसवायला, आणि कडेचा दाब जास्त जागेवर वाटला जावा म्हणून. तेव्हा आधी सपाट की रोलर, ते विचारून घे.

आता रीमर. रीमर जुन्या भोकाच्या मागं जातो. भोक तिरकं असेल तर मोठं भोकही तिरकंच होणार. कारखान्यात ब्लॉकमागून ब्लॉक जात होते तेव्हा अवजारं झिजत होती, पाळी संपत आलेली असायची, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. त्या काळचे ब्लॉक मोजशील तर टॅपेटची भोकं जागेवरून हललेली सापडतात. भोक कॅमच्या मध्याभोवती एका अंशाने कललेलं असलं, तर त्या झडपेचं टायमिंग क्रँकवर दोन अंशांनी चुकतं. भोक न कलता नुसतं बाजूला सरकलं असेल तर सपाट टॅपेटचं टायमिंग बिघडत नाही. म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण टेकण्याची जागा तेवढीच एका कडेला जाते.

इथं नीट बघ. ०.८४२ चं ०.८७५ केल्यावर त्रिज्येत वाढतात साडेसोळा थाऊ. भोक मुळातच पंधरा थाऊ बाजूला असेल, तर त्या कडेला तुझ्या सगळ्या मेहनतीचं उरलं दीड थाऊ. तो टॅपेट मोठा नाहीच, तो फक्त महाग आहे.

म्हणून रीमर नको, एका टोकाच्या टूलने बोअरिंग कर. ते जुन्या भोकाचं ऐकत नाही, स्पिंडलचं ऐकतं. ब्लॉकचं सेटिंग क्रँकच्या आणि कॅमच्या भोकांवरून घे. वरचा डेक किंवा कडेची ओतीव भिंत धरून घेऊ नकोस. उद्यमनगरातल्या शेडमध्ये ऑइल इंजिनाचे ब्लॉक बोअर करताना मिस्त्री मला हेच सांगायचे, कच्च्या कास्टिंगवर डायल लावणाऱ्याला ते चहा देत नसत.

आणखी एक, आणि हे मी स्वतः नुकसान करून शिकलो. एका शॉपमध्ये नवा होतो. मोजताना दिसलं की टॅपेट लोबच्या बरोबर मधोमध नाहीत, जरा पुढं-मागं आहेत. मला वाटलं कारखान्याची चूक. ब्रॉन्झ बुश घालायचेच होते, तर मी भोकं मोठ्या हुशारीने लोबच्या मधोमध आणली. ते अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. लोबला किंचित उतार असतो, टॅपेटच्या तळाला नजरेला न दिसणारा फुगवटा असतो, आणि जागा मध्यापासून हटलेली असते. या तिन्हींमुळं टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरला तर जगतो. माझे फिरेनात. पहिल्या अर्ध्या तासात दोन लोब गोल झाले आणि टॅपेटचे तळ बशीसारखे खोल गेले. कॅम, टॅपेट आणि बेअरिंगचे पैसे पगारातून गेले. मालक एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

बुश घालायचा तर भोक साधारण इंचभर होतं, मग बुश दाबून बसवायचा, तेलाचं भोक गॅलरीच्या जागी पाडायचं आणि शेवटी होन करून मापात आणायचं. ते तेलाचं भोक विसरलास तर हायड्रॉलिक टॅपेट कोरडा वाजेल. ओतीव लोखंडात थेट बसवत असशील तर एक ते दीड थाऊ ढिलाई पुरते. ब्रॉन्झ गरम झाल्यावर जास्त फुगतं, त्याला त्याहून जरा जास्त ठेव. माप हातात आलेल्या टॅपेटचं घे, डब्यावर छापलेलं नको. फोर्डच्या मापाचा, म्हणजे ०.८७५ चा, टॅपेट शेवरलेत बसवताना त्याची तेलाची खाच गॅलरीसमोर येते का, आणि पूर्ण उचलीवरही ती भोकाच्या आतच राहते का, हे हाताने फिरवून बघ. मग गॅलरीचे प्लग काढून ब्रशने धू. होनिंगचा चिखल बेअरिंगला सोडत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, झिंक असलेलं तेल, आणि झडपांची आतली स्प्रिंग काढून ठेवलेली. सुरू झाल्याबरोबर दोन ते अडीच हजार आरपीएमवर वीस-तीस मिनिटं. आयडलिंग नाही, कारण सपाट टॅपेटच्या लोबला तेल मिळतं ते बहुतेक क्रँकने उडवलेलं, आणि हळू फिरणारा क्रँक उडवत नाही. गिऱ्हाईक फोटो काढायला थांबव म्हणेल. थांबवू नकोस.

अजून कापलेलं नाहीस ना? तर आधी सोळाही भोकांची मापं काढ. व्यास, कल आणि बाजूला सरकलेलं अंतर, प्रत्येकाचं वेगळं, पेन्सिलीने कागदावर लिहून मला फोटो पाठव. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांग, ब्लॉक अजून मापावर आहे. आणि ताईला फोन कर, जेवतोस का ते सांग.

तुझा,
मामा