आजार फुफ्फुसांचा, मग किडनी का थांबते?

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमधला व्हेंटिलेटरचा तुटवडा जगभर गाजत होता. तिथल्या अतिदक्षता विभागांत त्याच वेळी आणखी एक टंचाई होती, तिची चर्चा कमी झाली. डायलिसिसची यंत्रं, त्यांना लागणारे द्राव आणि ती चालवू शकणाऱ्या नर्सेस, सगळंच अपुरं पडत होतं. करोना हा श्वसनाचा आजार, मग डायलिसिस एवढं का लागावं?

न्यूयॉर्क परिसरातल्या १३ रुग्णालयांतल्या ५,४४९ करोना रुग्णांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. सुमारे ३७ टक्के रुग्णांच्या किडनीला तीव्र इजा झाली होती. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत हे प्रमाण जवळपास ९० टक्के होतं, इतरांत सुमारे २२ टक्के.

पहिला संशय अर्थातच विषाणूवर जातो. करोनाचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी ज्या प्रथिनाला चिकटतो, ते किडनीच्या नलिकांमध्येही असतं. काही रुग्णांच्या किडनीत विषाणूच्या खुणा सापडल्याही. पण सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेकदा दिसली ती नलिकांच्या पेशींची साधी, ओळखीची इजा. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्येही अत्यवस्थ रुग्णांच्या किडनी बंद पडत होत्या. मला वाटतं, विषाणूच्या थेट हल्ल्यापेक्षा एकूण आजार किती गंभीर आहे, हेच इथे जास्त महत्त्वाचं आहे.

किडनीचा जमाखर्च पाहिला की हे समजतं. दोन्ही किडनींचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. त्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून सगळा परत शोषून घेतात. या शोषणाला प्रचंड ऊर्जा लागते, आणि हे काम करणाऱ्या नलिकांचा काही भाग अशा ठिकाणी आहे जिथे एरवीही प्राणवायू जेमतेमच पोचतो. तिथे काटकसरीला जागाच नाही.

आता अत्यवस्थ रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दोन-चार दिवसांचा ताप, खाणंपिणं नाही, रक्तातला प्राणवायू कमी, दाहामुळे रक्तदाब घसरलेला, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची भीती. त्यात व्हेंटिलेटर. आपण छाती फुगवून हवा आत ओढतो, यंत्र ती दाबाने आत ढकलतं. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, किडनीच्या शिरांत ते तुंबतं आणि पुढून येणारा पुरवठाही घटतो. व्हेंटिलेटरवरच्या ज्या रुग्णांच्या किडनीला इजा झाली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत ती नळी घातल्याच्या आगेमागे २४ तासांतच सुरू झाली होती.

डॉक्टरांची खरी कसरत सलाइनची असते. किडनीला रक्तदाब हवा म्हणून द्रव द्यावा, तर तोच पाझरून सुजलेल्या फुफ्फुसांत साचतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतल्या १,००० रुग्णांवरच्या चाचणीत हात राखून द्रव देणाऱ्या गटाची फुफ्फुसं लवकर सुधारली आणि डायलिसिसची गरजही वाढली नाही. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी आईवडिलांचे आयसीयूमधले रिपोर्ट परदेशात बसून व्हॉट्सॲपवर वाचले असतील. त्यातल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. हा स्नायूंतून सतत तयार होणारा कचरा. मोरी तुंबली तरी पाणी वर यायला वेळ लागतो, तसा किडनी मंदावल्यावर हा आकडा चढायला एक-दोन दिवस जातात. शिवाय कृश, वयस्कर माणसाचे स्नायूच कमी. आईचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.६ असेल आणि आज १.१ आलं, तर अनेक लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’ दिसेल. पण मूळच्या दीडपट वाढ आठवड्याभरात झाली, तर तीही तीव्र इजाच मानतात, आणि ही वाढ तर त्याहून जास्त आहे. म्हणून आजारापूर्वीचा रिपोर्ट शोधून डॉक्टरांना पाठवा.

लघवी अनेकदा आधी बोलते. किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, याहून कमी लघवी सलग सहा तास राहिली, तर ती धोक्याची खूण. ७० किलोच्या माणसाला याचा अर्थ सहा तासांत २१० मिलिलिटर, जेमतेम एक पेलाभर. फोनवर ‘क्रिएटिनिन किती?’ याबरोबर ‘लघवी किती झाली?’ हेही विचारा. ताप-अंगदुखीसाठी घरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं होतं का, तेही सांगा. शरीर कोरडं पडलेलं असताना या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळतात.

आणि डायलिसिस सुरू केलं म्हणजे ते जन्मभराचं झालं, असं नाही. नलिकांच्या पेशी पुन्हा उगवू शकतात. आजारातून वाचलेल्या बऱ्याच जणांचं डायलिसिस काही आठवड्यांत सुटतं. मात्र घरी आल्यावर सुमारे तीन महिन्यांनी रक्त आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायचं असतं, आणि नेमकं तेच सर्वांच्या डोक्यातून निसटतं.