कोकमाचें तेल



हिंवाळा सुरू झाला म्हणजे वर्गांतील पुष्कळ मुलांचे ओंठ फुटलेले, हातांवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या आणि कित्येकांच्या टांचांना भेगा पडलेल्या दिसतात. अशा वेळीं उपयोगी पडणारी एक साधी वस्तु आपल्या कोंकणांतच होते. ती म्हणजे कोकमाचें तेल. यास कोठें भिरंडेल, तर कोठें मुठेल असेंही म्हणतात. नांव तेल असलें तरी तें पातळ नसतें. मेणासारखा पांढरट व घट्ट असा त्याचा गोळा असतो.

आरंभीं माझी स्वतःची एक चूक सांगतों. शाळा संपवून मी पुढील शिक्षणासाठीं घाटावरील एका शहरांत वसतिगृहांत राहावयास गेलों, तेव्हां आईनें माझ्या पेटींत कागदांत गुंडाळलेला कोकमतेलाचा एक गोळा ठेविला होता. "तिकडची थंडी कोरडी असते रे, रात्रीं पायांस लावीत जा," एवढेंच ती म्हणाली. खोलींतील मुलांनीं तो गोळा पाहून माझी थट्टा केली. मला लाज वाटली व मीं तो केराच्या डब्यांत टाकिला. मग त्यांच्याजवळ होती तशी सुवासिक मलमाची डबी विकत घेतली. ती महिन्याभरांत संपली. दुसरी घेण्यास पैसे नव्हते. डिसेंबरांत टांचा इतक्या फुटल्या कीं चालतांना रक्त येऊं लागलें.

नाताळच्या सुटींत घरीं गेलों. आईनें पाय पाहिले, पण गोळ्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं. पळींत थोडें तेल वितळवून तिनें माझ्या टांचांना लाविलें. आमसुलें करतांना मीठ व आंबट रस यांमध्यें तिचे हात दर वर्षीं मे महिन्यांत सोलून निघत, आणि त्याच फळांच्या बिया राखून ती हें तेल काढीत असे. तो गोळा करण्यास किती कष्ट पडतात हें ठाऊक असूनही मीं तो टाकिला होता.

आतां हें तेल कसें होतें तें पाहूं. कोकमाचें झाड सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कोंकण, गोवें व कारवारकडील प्रदेशांत वाढतें. शास्त्रज्ञ यास गार्सिनिया इंडिका म्हणतात. याचीं फळें, म्हणजे रातांबे, एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. सालीचें आमसूल व रसाचें आगळ होतें. प्रत्येक फळांत साधारणतः ५ ते ८ बिया असतात, आणि त्या बहुधा उकिरड्यावर जातात. वास्तविक वाळलेल्या बियांच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा तेलाचा असतो.

घरगुती रीत अशी: बिया स्वच्छ धुऊन उन्हांत खडखडीत वाळवाव्या. टरफल काढून आंतील मगज बारीक कुटावा व तो पाण्यांत घालून उकळावा. तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें वर येतें. भांडें निवलें म्हणजे त्याचा घट्ट थर जमतो. तो काढून पुन्हां वितळवून गाळावा आणि हातानें दाबून गोळे करावे. थंडीच्या दिवसांत थर लवकर जमतो, म्हणून हें काम तेव्हां चांगलें साधतें.

हें तेल त्वचेस कां मानवतें? त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. भिंतींत विटा असाव्या तशा त्या पेशी असतात, आणि विटांमधील चुन्याप्रमाणें त्यांच्यामध्यें स्निग्ध द्रव्यें असतात. कोरडी हवा त्वचेंतील पाणी ओढून घेते. फार कढत पाणी व पुष्कळ साबण हीं ती स्निग्धता धुऊन काढितात. तळपायांस तर तेल स्रवणाऱ्या ग्रंथि मुळींच नसतात, शिवाय सर्व देहाचा भार टांचेवर पडतो. म्हणून भेगा प्रथम तेथें पडतात. कोकमतेलाचा पातळ थर वर बसला म्हणजे आंतील पाणी उडून जात नाहीं आणि त्वचेस आपली डागडुजी करण्यास अवसर मिळतो.

खोबरेल सुमारें २४ अंश उष्णतेवर वितळतें. कोकमतेल वितळण्यास सुमारें ४० अंश लागतात. अंगाच्या पृष्ठभागाची उष्णता याहून कमी असते. यामुळें कोकमतेलाचा गोळा नुसता अंगावर घांसला तर तो पसरत नाहीं. यासाठीं एक भाग कोकमतेल व तीन भाग खोबरेल एका वाटींत घेऊन ती वाटी गरम पाण्यांत ठेवावी. दोन्ही एकजीव झालीं कीं मिश्रण निवूं द्यावें. मऊ मलम तयार होतें. कोरड्या डबींत ठेवावें व त्यांत ओलें बोट घालूं नये. खवट वास येऊं लागल्यास टाकून द्यावें.

टांचांसाठीं रात्रीं पाय दहा मिनिटें कोमट पाण्यांत ठेवावे, वज्रीनें हलकेच घांसावे, टिपून घ्यावे आणि किंचित् ओलसर असतांनाच मलम लावून सुती मोजे घालावे. ओंठांस अगदीं थोडें पुरे. केंसांच्या रुक्ष टोकांस दोन थेंबांएवढें लाविल्यास ते मऊ राहतात. परंतु यानें केंस वाढतात असें मात्र समजूं नये. डोक्यांत कोंडा असेल तर तें टाळूस चोळूं नये, कारण तेलकटपणानें कोंडा वाढण्याचा संभव असतो.

या तेलाच्या मर्यादाही पालकांनीं ध्यानांत ठेवाव्या. तें त्वचा गोरी करीत नाहीं, कीं उन्हापासून रक्षण करीत नाहीं. नुकत्याच भाजलेल्या जागीं कोणतेंही तेल लावूं नये. ती जागा सुमारें वीस मिनिटें थंड वाहत्या पाण्याखालीं धरावी. भेगेंतून पू येत असेल, किंवा घरांतील माणसास मधुमेह असून पायास जखम असेल, तर विलंब न लावितां डॉक्टरकडे जावें. प्रथमच वापरतांना कोंपराच्या आंतील बाजूस थोडें लावून एक दिवस वाट पाहावी.

अशीं घट्ट तेलें इतर देशांतही आहेत. पश्चिम आफ्रिकेंत स्त्रिया शिया नांवाच्या झाडाच्या बियांपासून लोणी काढितात. मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशानें १७९६ सालीं नायजर नदीच्या प्रदेशांत तें पाहून त्याचें वर्णन लिहून ठेविलें. पुढें युरोपीय संघानें २००० सालीं चॉकलेटविषयीं नियम केला. त्यांत कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतींचीं स्निग्ध द्रव्यें थोड्या प्रमाणांत घालण्यास मोकळीक दिली, त्यांत शिया व आपलें कोकम हीं दोन्ही आहेत. जी बी आपण उकिरड्यावर फेंकतों तिची योग्यता परक्यांस कळली आहे.

मुलांनो, घरची वस्तु घरची म्हणून हलकी मानूं नये. तसेंच ती घरची म्हणून सर्व रोगांवर रामबाण आहे असेंही मानूं नये. ती काय करूं शकते व काय करूं शकत नाहीं हें जाणून घ्यावें, म्हणजे लाजही वाटत नाहीं आणि फसवणूकही होत नाहीं. ज्यांच्या घरीं येत्या मे महिन्यांत आमसुलें होतील त्यांनीं बिया धुऊन वाळत घालण्याचें काम स्वतःकडे घ्यावें. आणि तेल तयार झालें म्हणजे तें प्रथम आईच्या हातांस लावावें.