वार एक की दोन?

जुळं आहे हे कळल्यावर आमच्याकडे पहिली चर्चा झाली ती जुळ्या केळ्याची. मी ते कधी खाल्लं, कोणाच्या घरी खाल्लं, यावर सासूबाई आणि शेजारच्या काकूंचं एकमत होईना. पण दोन्ही बाळांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे कोणीच विचारलं नाही. ज्या खासगी केंद्रात पहिली सोनोग्राफी झाली, तिथल्या अहवालातही त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. जुळा गर्भ, दोन्ही ठोके व्यवस्थित, एवढंच.

एका बीजाच्या जुळ्यांमध्ये तीन जोड्यांपैकी साधारण दोन जोड्यांची वार सामाईक असते. तीत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकांची देवाणघेवाण सारखी चालते. शंभरातल्या दहा-पंधरा गर्भारपणांत मात्र ती एकतर्फी होते. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी पडतं, त्याची लघवी घटते, भोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी वाढत जातं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. उपचार झाले नाहीत, तर बहुतेक वेळा दोघंही हातची जातात.

वार एक की दोन, हे ओळखायची खरी वेळ म्हणजे 11 ते 14 आठवडे. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वारा दोन. पडदा पातळ आणि सरळ, इंग्रजी टी अक्षरासारखा दिसला तर वार एक. पुढे पडदे विरळ होतात आणि डॉक्टरांनाही खात्रीनं सांगणं अवघड जातं. माझं नशीब म्हणून याच आठवड्यांतल्या सोनोग्राफीला, एनटी स्कॅनला, दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी अहवालावर ‘एमसीडीए’ लिहिलं, म्हणजे वार एक, पिशव्या दोन, आणि सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी यायला बजावलं.

घरी कुरकुर झाली. इतक्या सोनोग्राफ्या बाळांना बाधतील, ही एक भीती. कायद्याच्या भानगडीत पडू, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. आणि 1994 च्या कायद्यानं बंदी आहे ती लिंग विचारण्या-सांगण्यावर, तपासणीवर नाही. दर वेळी ओळखपत्र न्यायचं, फॉर्म एफ भरायचा, संपलं.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास पोट बघता बघता ताठ झालं, आडवं पडलं की धाप लागे. ‘दोन आहेत, पोट वाढणारच,’ असं सगळ्यांनी समजावलं. ठरलेल्या सोनोग्राफीत एका पिशवीत पाण्याची खोली दोन सेंटिमीटरहून कमी निघाली, दुसरीत आठच्या वर. यावरचा उपचार म्हणजे दुर्बिणीतून लेझरनं वारेवरच्या त्या जोडवाहिन्या बंद करणं. आम्ही भिलाईचे. इथे ‘सेक्टर नऊ’ म्हटलं की पोलाद प्लांटचा दवाखाना, आणि आमची सगळी दुखणी तिथेच निघतात. पण लेझरचं हे काम मोजक्याच ठिकाणी होतं. आम्ही रायपूरहून विमानानं मुंबई गाठली. लेझर झालं. देणारं बाळ नंतर गेलं. घेणारी मुलगी आता शाळेत जाते.

लेझरनंतर निदान एक बाळ वाचण्याची शक्यता चांगली असते; दोन्हींची हमी कोणी देत नाही, आणि देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्यानंतर काही महिने मला ऐकवलं गेलं की मी जिने चढले, दुचाकीवर बसले. हा आजार खाण्यापिण्यानं, कामानं होत नाही आणि विश्रांतीनं बराही होत नाही. वाहिन्या कशा जुळतात यावर आईचा काडीचा ताबा नसतो. सुनेला दोष देण्याआधी घरच्यांनी एवढं ऐकून घ्यावं.

आपल्याकडे जपायला सुरुवात होते सातव्यात, डोहाळजेवणाच्या आसपास. या दुखण्याचा मुख्य काळ 16 ते 26 आठवडे, म्हणजे चौथा ते सहावा महिना. तेव्हा ओटीच्या तयारीआधी लेझर कुठे होतं तो पत्ता, तिथला फोन आणि प्रवासाचे पैसे तयार ठेवा. पोट अचानक ताणलं, धाप लागली, तर पंधरा दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. सगळं सुरळीत असलं तरी अशी बाळंतपणं साधारण 36व्या आठवड्याच्या सुमारास करतात, म्हणून नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय आधीच ठरवा.

ज्यांच्या घरी जुळ्याची बातमी नुकतीच आली आहे, त्यांनी आजच अहवाल उघडून पाहावा. वारेबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नसेल आणि चौदावा आठवडा उलटला नसेल, तर उद्या सकाळी परत जा आणि ते लिहून घेतल्याशिवाय उठू नका.