ती वायर कशाची होती?

जिप्सी उजव्या कुशीवर आडवी झाली होती. इंजिन बंद पडलं होतं, पण मागून एक बारीक गुणगुण ऐकू येत होती. किल्ली फिरवून बाहेर काढली तरी ती थांबेना. वर सीटबेल्टला लटकलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, पेट्रोलचा वास येतोय." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पंप चालू आहे. डॅशबोर्डखाली मीच बसवलेला एक खटका होता. अंधारात चाचपडत तो बंद केला आणि गुणगुण थांबली. बाहेर येऊन टॉर्च मारला तर इंजिनाजवळचा पेट्रोलचा पाइप निसटलेला होता. गरम मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर काळी माती पेट्रोलने भिजली होती.

ही रेहेकुरीजवळची गोष्ट. तिथलं काळविटांचं अभयारण्य १९८० साली जाहीर झालं. ते आहे जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर, तेवढ्यात काळविटांचं काय भागणार? दिवस कलला की कळप आजूबाजूच्या शेतांकडे निघतात. एक नर अचानक रस्त्यावर आला, मी स्टिअरिंग कापलं आणि गाडी कडेच्या चारीत गेली. काळवीट निघून गेलं, आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण ती गुणगुण आजही माझ्या कानात आहे. मूळ कंपनीचं वायरिंग तसंच ठेवलं असतं तर तो पंप आपोआप बंद झाला असता. ते मी माझ्या हाताने कापलं होतं. म्हणून हे लिहितो आहे.

कर्जतला माझं गॅरेज आहे. ही जिप्सी जुनी, कार्बोरेटरवाली, ९७० सीसीची. कागदावर ४५ हॉर्सपॉवर. दगडचिखलातल्या ऑफ-रोड स्पर्धांत उतरायचं तर ताकद हवी, म्हणून मी तिच्यात एस्टीम गाडीचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणारं, इंजिन बसवायचं ठरवलं. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढे कंपनीनेच जिप्सी किंगमध्ये तेराशे सीसीचं इंजिन दिलं होतं, त्यामुळे माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर यांत फारशी अडचण येणार नव्हती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून इंजिन आणलं, सोबत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणि संपूर्ण वायरिंग. लोखंडाचं काम आठवड्यात उरकलं, आणि त्या यशाने मी निर्धास्त झालो.

मग ते वायरिंग जमिनीवर पसरलं. एसीच्या वायरी, मीटरच्या वायरी, कशाकशाचे स्विच, हाताच्या पंजाएवढे कपलर. माझ्या गाडीत एसी नव्हता, अर्धे दिवे नव्हते. वाटलं, चिखलात जाणाऱ्या गाडीला एवढं जंजाळ कशाला? जितक्या वायरी कमी, तितके बिघाड कमी. हे वाक्य मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत होतो. आमच्या भागात पन्नास वर्षं गाड्यांची वायरिंग करणारे एक चाचा आहेत. ते येऊन उकिडवे बसले, एक वायर बोटात धरून त्यांनी विचारलं, "ही कशाची?" मी म्हणालो, "एसीची असेल." ते म्हणाले, "असेल म्हणू नको. आहे म्हणता येईल तेव्हा काप." मी ऐकलं नाही. रात्रीतून जुनी टेप सोलून काढली, कटर चालवला, आणि सकाळी एका पोत्यात दीड-दोन किलो वायर भरून ठेवली.

गाडी चालू झाली. घात इथेच होतो. वायरिंग चुकलं की गाडी चालूच होणार नाही, असं आपण धरून चालतो. इंजिनाला फिरायला स्पार्क, पेट्रोल आणि हवा एवढंच लागतं. ते मिळालं की ते फिरतं. बाकीचं चुकलेलं सगळं नंतर, एकेक करून, नको त्या वेळी पुढे येतं.

पहिल्याच आठवड्यात बॅटरी उतरली. चार्ज करून बसवली, परत उतरली. अल्टरनेटर काढून तपासला तर ठणठणीत. कारण निघालं मीटरमधला लाल बॅटरी-दिवा. तो मी शोभेचा समजून काढून टाकला होता. पण अनेक गाड्यांत त्याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडा करंट मिळतो आणि त्यावरच तो जागा होतो. दिवा गेला की अल्टरनेटर नुसता फिरत राहतो. ज्याला आपण इशारा समजत होतो, ते त्या मशीनचं अंगच होतं.

दुसरं संकट विचित्र होतं. थंडीत सेल्फ मारला की अ‍ॅक्सिलरेटर जड व्हायचा. एकदा केबलला हात लावला तर चटका बसला. इंजिन बदलताना इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थिंगची पट्टी मी परत लावलीच नव्हती. सेल्फला शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो. त्याला परत बॅटरीकडे जायला वाट हवी. पट्टी नाही म्हटल्यावर तो अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. ती केबल आतून वितळून अर्ध्यात अडकली असती, तर गाडी रेस धरून पळाली असती. म्हणून इंजिन बदलणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, सगळ्यात आधी अर्थिंग. बॅटरी ते बॉडी, बॅटरी ते इंजिन, इंजिन ते बॉडी. रंग खरवडून, पितळ किंवा लोखंड चकाकेपर्यंत घासून, बोल्ट आवळून.

अर्थिंगचीच पण जास्त बारीक चूक मी ईसीएमपाशी केली. सेन्सरांच्या काळ्या वायरी वेगळ्या ईसीएमपर्यंत जात होत्या आणि इंजिनावरच्या जाड काळ्या वायरी वेगळ्या. मला वाटलं, दोन्ही अर्थच ना? सगळ्या एका बोल्टला बांधल्या. आता तापमानाचा सेन्सर बघा. तो म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा एक छोटा मणी. २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीएम त्याच्यावरचं व्होल्टेज मोजतं आणि त्यावरून पेट्रोल किती द्यायचं ते ठरवतं. त्याच बोल्टवरून रेडिएटर-फॅनचा, इंजेक्टरचा करंट परतू लागला की बोल्टपाशी थोडं व्होल्टेज उभं राहतं आणि तेवढ्याने मोजमाप हलतं. माझा फॅन चालू झाला की गाडी अडखळायची, बंद झाला की सुरळीत. तीन दिवस मी इंजेक्टर धूत बसलो होतो. सेन्सरची अर्थ ईसीएमलाच परत गेली पाहिजे, बॉडीला नाही.

तसंच कॅम सेन्सरच्या वायरीवरची जाळी. ती काढली की वायर बारीक आणि देखणी दिसते. पण शेजारून स्पार्कच्या हाय-टेन्शन वायरी जातात, त्यांची ठिणगी-ठिणगी त्या नाजूक सिग्नलमध्ये उमटते. चार हजार आरपीएमच्या वर माझी गाडी मिसिंग मारू लागली ती याच कारणाने. नवी जाळीची वायर टाकली, जाळीचं एकच टोक अर्थ केलं, आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. दोन्ही टोकं अर्थ केली तर जाळीतूनच करंट फिरू लागतो, तेही नको.

हे सगळं झालं तरी पंपाकडे माझं लक्ष गेलं नाही. कारण पंप व्यवस्थित चालत होता.

त्याची मूळ व्यवस्था अशी असते. किल्ली ऑन केली की ईसीएम दोन-तीन सेकंद पंप चालवून लाइनमध्ये दाब भरतं. मग कॅम सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याची खूण मिळत राहिली तरच पंपाचा रिले धरून ठेवतं. इंजिन थांबलं, खूण थांबली, रिले सुटला, पंप बंद. एमपीएफआयच्या लाइनमध्ये अडीच-तीन किलोचा दाब असतो. पाइप निसटला तर पेट्रोल ठिबकत नाही, फवारतं. कंपनीने रिलेची ही साखळी रोजच्या चालवण्यासाठी केलेली नाही. गाडी उलटेल, समोरून आदळेल, त्या एका क्षणासाठी केली आहे. मी काय केलं? माझ्या तोडमोडीत रिले कधी धरायचा, कधी सोडायचा. कारण शोधण्याऐवजी बॅटरीवरून थेट वायर ओढली, मध्ये खटका टाकला, आणि तो पंपाला जोडला. दोन रिले आणि सहा वायरी वाचल्या, याचा मला आनंद झाला होता. त्या सहा वायरींची किंमत मला चारीत आडवं पडल्यावर कळली, आणि तेव्हा शेजारी बहिणीचा मुलगा होता.

नंतर मी ती सगळी गाडी पुन्हा सोलली. या वेळी उलट्या दिशेने निघालो: काय काढायचं हे नाही, काय आहे हे आधी. आठ बाय चारचा प्लायवूड आणला, वायरिंग त्यावर गाडीत बसतं तसं पसरलं, वळणावळणावर खिळे ठोकून बांधलं. कारखान्यातही वायरिंग अशाच फळीवर, खऱ्या मापाच्या नकाशावर बनतं. मग वही. एका ओळीत एक वायर: रंग, कुठून निघाली, कुठे पोचली, मध्ये कुठे फुटली, काय काम. टोकांना मास्किंग टेपवर आकडे. कपलरच्या प्रत्येक पिनचा आकडा. टेपच्या आत कंपनीने चार-पाच वायरी एकत्र दाबून केलेले जोड असतात, ते बाहेरून दिसत नाहीत. एसीची म्हणून कापलेली वायर त्या जोडातून निघून इंजेक्टरलाही तीच फीड देत असते. माझ्या वहीत अशा तीन जागा निघाल्या.

वायर काढायचीच असेल तर मुळापासून काढा. जोडापर्यंत जा, जोड उघडा, ती एक काढा, बाकीच्या पुन्हा नीट दाबा. अर्धवट कापून टेप गुंडाळलेलं टोक उन्हाळ्यात उघडं पडतं. कर्जतच्या मे महिन्यात बॉनेटखालची टेप पातळ गुळासारखी होते. शिवाय ती कुरतडायला इथल्या शेडमध्ये उंदीरही असतात. जोडासाठी चांगलं क्रिम्पिंगचं हत्यार घ्या. झारणकामाने सोल्डर वायरीच्या तारांत वर चढतं, ती जागा ताठ होते, आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच धक्क्यांनी तारा तुटतात. घरातल्या फिटिंगची वायर गाडीत वापरू नका. तिच्या जाड मोजक्या तारा हादरे सोसत नाहीत आणि आवरण इंजिनाच्या उष्णतेला टिकत नाही. फ्यूज वायरीच्या जाडीला साजेसा असावा आणि बॅटरीच्या शक्य तितका जवळ. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला राखण नसते, म्हणून तो तुकडा आखूडच हवा.

आणि मल्टिमीटरवर आंधळा विश्वास नको. सात तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट घेतच नाही. फीडच्या वायरी मी हेडलाइटच्या जुन्या बल्बने तपासतो. साठ वॅटचा बल्ब पाच अँपिअर ओढतो. तो लख्ख पेटला तर वायर खरी. मात्र हा बल्ब ईसीएमच्या किंवा सेन्सरच्या वायरीला कधीही लावायचा नाही, तिथे मल्टिमीटरच. एका बल्बने ईसीएम जळतं.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे, कारण मी ते टाळलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्या संध्याकाळी समोरून कुणी दुचाकीवर आलं असतं, तर विम्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिप्सीत आता तिचं जुनं इंजिन परत आहे. एस्टीमचं इंजिन गॅरेजमध्ये लोखंडी स्टँडवर आहे, त्याचं वायरिंग त्याच प्लायवूडवर, आणि रिले सुटल्यावर पंप थांबतो की नाही हे पोरांना त्यावरच दाखवतो. इंजिन चालू असताना कॅम सेन्सरचा कपलर काढायचा. इंजिन बंद, आणि पाठोपाठ पंपही बंद झाला पाहिजे. गाडी ताब्यात देण्याआधी ही चाचणी मी भाच्याकडून करून घेतो.

गेल्या महिन्यात मिरजगावकडचा एक मुलगा आला. फक्त स्पर्धेसाठी, टेम्पोवर चढवून नेणार अशी गाडी. वायरिंग कमी करून हवं होतं. मी त्याला वही आणि मास्किंग टेपची गुंडाळी दिली आणि म्हणालो, आठ दिवसांनी ये. तो आला तेव्हा वहीत त्रेचाळीस ओळी होत्या, आणि तीन ओळींपुढे प्रश्नचिन्ह. कटर त्याने पिशवीतून काढलाच नव्हता. आम्ही फळीजवळ बसलो आणि पहिल्या प्रश्नचिन्हाची टेप सोलायला घेतली.