एका रोग्यासाठी एक औषध : कंपाउंडिंगचा हुन्नर

दवाखान्याच्या खिडकीआड उभा राहून बाटलीत लाल औषध भरून देणारा कंपाउंडर आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. हकीमसाहेबही नुस्खा बांधून देत. अनेक जिनसांच्या अशा औषधाला युनानीत मुरक्कब म्हणतात. कारखान्याच्या गोळ्या आल्या आणि हा हुन्नर मागे पडला. अमेरिकेत मात्र तो स्वतंत्र धंदा म्हणून आजही चालतो. तेथे त्या दुकानाला कंपाउंडिंग फार्मसी म्हणतात.

आता गोळी बाजारात मिळते १० मिलिग्रॅमची, आणि तान्ह्या बाळाला हवी १ मिलिग्रॅम. तिचे दहा तुकडे कोण करणार? फार्मासिस्ट दहा गोळ्या खलात बारीक घोटतो, थोडा पाक घालून लापशीसारखे करतो, मग थोडाथोडा पाक वाढवत मापाच्या नळीत ओततो. खल पाकानेच धुऊन तेही नळीत घेतो. येथे नवशिका चुकतो. शंभर मिलिलिटर पाक ओतायचा नसतो. सगळे मिळून शंभरच्या खुणेपर्यंत भरायचे असते. मग एक मिलिलिटर म्हणजे बरोबर १ मिलिग्रॅम. पाण्यातल्या अशा औषधात टिकाऊ द्रव्य नसेल, तर अमेरिकेच्या औषधसंहितेप्रमाणे ते थंड जागी फार तर १४ दिवस ठेवता येते. प्रत्येक गोळी मात्र घोटता येत नाही. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी चुरली, तर सारा डोस एकदम अंगात जातो.

कोरड्या औषधाचे गणित आमच्या कारागीर बांधवांना आवडेल. एक ग्रॅम जहाल औषध पंधरा ग्रॅम भुकटीत एकदम टाकले, तर ते कोपऱ्यात गोळा होऊन राहते. म्हणून आधी एक ग्रॅम औषधात एकच ग्रॅम भुकटी घोटायची, मग त्या दोन ग्रॅमांत दोन, चारात चार, आठात आठ. झाले सोळा ग्रॅम. त्याच्या शंभर कॅप्सूल भरल्या की प्रत्येकीत १० मिलिग्रॅम औषध येते.

कॅप्सूलचे कवच बहुधा जनावराच्या जिलेटिनचे असते, काही पातळ औषधांत अल्कोहोल असते. चिठ्ठीवर बनवणाऱ्याला वनस्पतीजन्य कवच किंवा अल्कोहोल नसलेला पाक वापरता येतो. आपण हे विचारायला संकोच करतो, तो कशाला?

शिंपी मापाने शिवतो तसेच हे काम, असे कोणी म्हणेल. पण शिंप्याकडे ट्रायल असते, उसवून पुन्हा शिवता येते. येथे ते नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने पाठदुखीवरील स्टेरॉइडची इंजेक्शने पुरवली. त्यांत बुरशी होती. सुमारे १४ हजार लोकांना ती टोचली गेली. सरकारी नोंदीप्रमाणे २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले, ६४ दगावले. आमच्या मते दोष हुन्नराचा नव्हता, हावेचा होता. एका रोग्याच्या चिठ्ठीवर बनवण्याची परवानगी असताना तेथे कारखान्यासारखा घाऊक माल निघत होता, आणि कारखान्याची स्वच्छता मात्र नव्हती. तेथील मुख्य फार्मासिस्टला २०१७ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याआधी २०१३ च्या कायद्याने चिठ्ठीवर बनवणारे दुकान वेगळे ठरवले, आणि घाऊक बनवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारकडे नोंदणीची व कारखान्याच्या नियमांची वाट काढली.

आपल्याकडे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध बनवणे, मिसळणे वा देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचेच काम आहे. डॉक्टर स्वतःच्या रोग्याला देतो तो अपवाद. ज्यांची मुले डी. फार्म. करून केवळ पाकिटे विकत बसली आहेत, त्यांनी या खलाकडे व तराजूकडे पुन्हा पाहावे. पण वजनाची, प्रत्येक जिनसाच्या बॅच क्रमांकाची आणि बनवल्या तारखेची वही रोज लिहायची तयारी नसेल, तर पाकिटे विकणेच बरे. आणि गिऱ्हाईक म्हणून हाती अशी बाटली आली, तर तिच्यावर रोग्याचे नाव, एका मिलिलिटरमध्ये औषध किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरायचे, हे तीनही वाचून घ्यावे. यांतले एक नसले तरी बाटली तेथेच परत द्यावी.